दुसऱ्याचा नंबर एक

परवा माझ्या फोनने मला दम भरला. स्टोरेज संपत आलंय, काहीतरी उडवा. उघडून बघितलं तर साडेचौदा हजार फोटो. त्यात पावभाजीचे किती आणि ऑफिसच्या लिफ्टमधल्या आरशातले किती, हे मोजायची हिंमत झाली नाही. शिवाय हे सगळं क्लाऊडवर एकदा, जुन्या लॅपटॉपवर एकदा, असं दोनदा सेव्ह केलेलं. म्हणजे पावभाजी तीन ठिकाणी सुरक्षित!

त्याच संध्याकाळी सांगलीहून मामाचा फोन.

"अगं, तुझ्या ओळखीत फ्लॉपी वाचणारं कुणी आहे का?"

"मामा, फ्लॉपी म्हणजे ते सेव्हच्या बटणावरचं चित्र ना?"

"त्याच्याही आधीची. सव्वापाच इंची. सात आहेत. लवकर ये."

एका फ्लॉपीत १०० के, म्हणजे सातांत मिळून ७०० के. माझा एक पावभाजीचा फोटो त्याच्या चौपट भरतो. तरी शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटी पकडली, कारण मामा 'लवकर ये' असं उगाच म्हणत नाही.

आता थोडा फ्लॅशबॅक. मामा सांगलीच्या एका शाळेत गणिताचा मास्तर. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. लांबलचक नाव कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स. देशातल्या सुमारे २५० शाळांपासून सुरुवात झाली आणि त्यासाठी निवडलेलं मशीन होतं बीबीसी मायक्रो. हो, बातम्यांवालीच बीबीसी. लोकांना कॉम्प्युटर शिकवणारी टीव्ही मालिका काढायची, तर सोबत मशीनही हवं, म्हणून बीबीसीने केंब्रिजच्या अकॉर्न कंपनीकडून ते बनवून घेतलं. १९८१च्या डिसेंबरात ते बाजारात आलं. 'मॉडेल बी'ची मेमरी ३२ के. मेगा नाही, गिगा तर नाहीच. के.

मामाच्या शाळेतही ते आलं. तिशीतल्या मामाने चार वर्षं त्याच्यावर मुलांना शिकवलं. पुढे पीसी आले, हे मशीन भंगारात निघालं आणि मामाने ते ड्राइव्ह, वायरी आणि फ्लॉपींसकट विकत घेऊन माळ्यावर टाकलं. मामी तेव्हा काय म्हणाली ते इथे छापता येणार नाही.

मग २०१९चा ऑगस्ट. कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. मामाच्या घरात खिडकीपर्यंत. लग्नाचा अल्बम, आजोबांची पत्रं, आईचे शाळेतले फोटो, सगळं खालच्या कपाटात होतं. अल्बम उन्हात वाळवला, तर फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवायला गेलं की चेहरेच निघून यायचे. त्यातल्या कशाचीच दुसरी कॉपी नव्हती. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. दोन्ही वेळा माळा तेवढा कोरडा राहिला.

यंदा माळा साफ करताना मामाने फ्लॉपींची डबी उघडली. तबकडीवर पांढरी बुरशी धरायला लागली होती. पुरातून वाचलेल्या सात वस्तू आता दमट हवेनेच खायला घेतल्या होत्या.

"यात आहे तरी काय?" मी विचारलं.

"पाढ्यांचा प्रोग्रॅम आहे. मराठी अक्षरं आहेत. आणि दोन फ्लॉपींत मुलं आहेत."

"मुलं?"

"८६ सालची माझी आठवी. बासष्ट जण. प्रत्येकाने स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्रॅम, त्याच्याच नावाने सेव्ह केलेला."

बासष्टच का, तर या मशीनच्या फ्लॉपीवर एका बाजूला जास्तीत जास्त ३१ फाइल मावतात. वर्गात मुलं बासष्ट, म्हणून फ्लॉपी दोन. फाइलच्या नावाला अक्षरं फक्त सात. त्यामुळे लांब नावाची मुलं अर्ध्यावर कापलेली. मामा म्हणाला, "पोरं भांडायची. सर, माझ्या नावाचं शेपूट कुठं गेलं म्हणून."

मंडळी, आता खरा प्रश्न. कॉपी कशी काढायची? मशीनला ड्राइव्ह एकच. एका ड्राइव्हवर कॉपी काढता येते, नाही असं नाही. मूळ फ्लॉपी घाला, मेमरीत मावेल तेवढं वाचा, ती काढा, कोरी घाला, लिहा, पुन्हा मूळ घाला. कॉपीसाठी मेमरी मिळते साधारण २५ के, म्हणजे १०० केच्या फ्लॉपीला पाच फेऱ्या. बुरशी लागलेली फ्लॉपी पाच वेळा आत-बाहेर करणं म्हणजे सलाइन लावलेल्या पेशंटला पाच वेळा जिना चढायला लावणं. आणि कोरी सव्वापाच इंची फ्लॉपी आज कुठल्या दुकानात मागणार?

म्हणजे हवा होता दुसरा ड्राइव्ह. या मशीनमध्ये मोजणी शून्यापासून. पहिला ड्राइव्ह शून्य नंबर, दुसरा एक नंबर. फ्लॉपीची मागची बाजू वापरली तर ती दोन आणि तीन. घरात दुसरा येऊनही एक नंबर व्हायचं भाग्य धाकट्या भावंडांना कुठे मिळतं? (दादा, हे तुझ्यासाठी.)

मामाचे एक मित्र आहेत, सगळे त्यांना रेडिओवाले काका म्हणतात. चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. आता दुकान बंद, पण सोल्डरिंगची गन अजून हाताशी. शनिवारी सकाळी ते आले. मी उत्साहात प्लग लावायला गेले, तर त्यांनी हात धरला.

"आधी पोट उघडायचं, मग जेवायला घालायचं."

कारण असं की, या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सचा खरखराट गाळायला कपॅसिटर असतात. चाळीस वर्षांत त्यांच्या कवचाला चिरा जातात, दमट हवा आत शिरते आणि करंट दिला की धूर काढून घर भरतं. काकांनी आधी तेच बदलले. सोबत मला सक्त ताकीद, की पॉवर सप्लायच्या डब्यात आपण हात घालायचा नाही, ज्याचं काम त्याने करायचं. ती ताकीद जशीच्या तशी तुम्हालाही.

मशीन उघडायला सोपं. ज्या स्क्रूंजवळ 'फिक्स' लिहिलंय ते चार काढायचे, झाकण वर. आत बघितलं आणि मी चाटच पडले. बोर्डावर जागोजागी सॉकेट. बेसिकची चिप सॉकेटात, डिस्कची व्यवस्था बघणारी चिप सॉकेटात, आणि वर दोन सॉकेट चक्क रिकामे. पालथं घातलं तर पोटाखाली कनेक्टरची रांगच. प्रिंटरचा, डिस्कचा, ड्राइव्हला वीज द्यायचा आणि 'ट्यूब' नावाचा एक, दुसरा प्रोसेसर जोडायला.

हे मशीन विकलं जायचं तेव्हा बहुतेक वेळा त्यात डिस्कची सोय नसायची. प्रोग्रॅम ठेवायचे कॅसेटवर, गाण्यांच्या असतात तसल्याच. डिस्क हवी तर नंतर इंटेलची ८२७१ ही कंट्रोलर चिप, सोबत आणखी काही छोट्या चिप आणि एक रॉम बसवायचा. ८२७१ महाग आणि मिळायला अवघड. म्हणून १९८५च्या 'बी प्लस' मॉडेलपासून अकॉर्नने दुसरी चिप घेतली. आणि डिस्कची सोय फुकट नव्हती. ३२ के मेमरीतून २,८१६ बाइट डिस्कच्या कारभाराला जायचे. काही कॅसेटवाले प्रोग्रॅम मग मावायचेच नाहीत. नवा पाहुणा आला की कुणाला तरी हॉलमध्ये झोपावं लागतं, तसं. बरं, एकदा ही किंमत मोजली की दुसऱ्या ड्राइव्हला वेगळी मेमरी लागत नाही.

ट्यूबची गोष्ट तर सॉलिड आहे. या मशीनवर काम केलेल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एक नवा प्रोसेसर डिझाइन केला. १९८५च्या एप्रिलमध्ये त्याची पहिली चिप हातात आली, तेव्हा ती चालवून बघितली बीबीसी मायक्रोच्या ट्यूबलाच जोडून. त्या प्रोसेसरचं नाव एआरएम. तुमच्या खिशातल्या फोनचा प्रोसेसर त्याच घराण्यातला. तो जन्मला कारण कुणीतरी चार वर्षं आधी एक जागा मोकळी सोडली होती, तिथे काय लागणार हे माहीत नसताना. आणि त्याच घराण्यातला माझा फोन? बॅटरी बदलायची तर दुकानात हीट गनने गोंद सोडवावा लागतो!

असो. दुसरा ड्राइव्ह म्हणून आम्ही घेतला गोटेक. दिसायला फ्लॉपी ड्राइव्हसारखा, पण फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह लागतो. मशीनला वाटतं फ्लॉपीच फिरतेय. दोघांनी मल्टिप्लेक्सला जाऊन पॉपकॉर्न खाण्याच्या खर्चात येतो. तो पीसीच्या सवयी घेऊन येतो, म्हणून त्यात 'फ्लॅशफ्लॉपी' हे मुक्त सॉफ्टवेअर भरलं, सेटिंगमध्ये अकॉर्न निवडलं आणि पेनड्राइव्हवर १०० केच्या सात कोऱ्या फ्लॉपींच्या फाइल करून ठेवल्या. हा भाग माझा. तेवढंच पुण्याहून आल्याचं सार्थक.

पुढचं काकांचं. दोन्ही ड्राइव्ह एकाच ३४ तारांच्या चपट्या केबलवर बसतात. मी विचारलं, मग कुठला ड्राइव्ह बोलतोय हे मशीनला कळतं कसं?

"तुला पी.पी. नंबर माहितीये?" काका म्हणाले. "अख्ख्या वाड्यात फोन एक. घंटी सगळ्यांना ऐकू जायची. पण ज्याचं नाव पुकारलं तोच उठायचा."

तसंच हे. निरोप सगळ्या ड्राइव्हपर्यंत जातो, पण नाव पुकारायला केबलमध्ये वेगळ्या तारा असतात. दहावी तार शून्य नंबरसाठी, बारावी एक नंबरसाठी. आपण कुठल्या तारेला ओ द्यायची, हे ड्राइव्हवरचा छोटा जंपर ठरवतो. जुन्या ड्राइव्हचा जंपर शून्यावरच होता. गोटेकचा जंपर चिमट्याने उचलून शेजारच्या जोडीवर बसवला. झालं नामकरण.

आणि इथेच आम्ही पहिल्यांदा तोंडावर पडलो. काकांकडे जुन्या पीसीची केबल होती, तीच लावली. नंबर पुकारला की ड्राइव्ह नीट ओ देईनात. कारण पीसीच्या केबलमध्ये शेवटच्या कनेक्टरच्या आधी सात तारा मुद्दाम उलट्या फिरवलेल्या असतात. पीसीवाले दोन्ही ड्राइव्हना एकच जंपर ठेवतात आणि अदलाबदल केबलवर सोपवतात. बीबीसीला लागते सरळ केबल. काकांनी नवी चपटी केबल आणली आणि कनेक्टर व्हाइसमध्ये दाबून बसवले. एका टोकाला मशीन, मध्ये गोटेक, दुसऱ्या टोकाला जुना ड्राइव्ह. टोकालाच का, तर तारांमधला सिग्नल शेवटाला जाऊन उलटा फिरू नये म्हणून जुन्या ड्राइव्हवर टर्मिनेटर नावाची रेझिस्टरची पट्टी असते आणि ती केबलच्या शेवटीच हवी. गोटेकला पाच व्होल्ट मशीनच्या पोटाखालून दिले. जुन्या ड्राइव्हचा पॉवर सप्लाय वेगळा, त्याचंही पोट काकांनी आधी तपासलं.

फ्लॉपींच्या कोपऱ्यात एक खाच असते. त्यावर चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर लिहिता येत नाही. सातही मूळ फ्लॉपींना पट्ट्या लावल्या. घाईत उलट कॉपी झाली तर कोरी फ्लॉपी मुलांवर लिहिली जाईल, म्हणून. मग खिडकीतून दिसणारी तबकडी हळूहळू फिरवत, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने बुरशी पुसली. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेडही पुसायचं, नाहीतर एकीची घाण दुसरीला. यातच दुपार गेली. मामीने मध्ये भडंग आणि चहा आणला आणि फ्लॉपींपासून चार हात लांब ठेवायची अट घातली.

संध्याकाळी टीव्हीच्या एव्हीला वायर जोडली. काकांनी बटण दाबलं. एक खालचा सूर, एक वरचा. 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के.' खाली बेसिक आणि लुकलुकणारा कर्सर. मामा खुर्चीवर बसला. त्याचे हात आता थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. पण त्या काळ्या कीबोर्डवर बोटं बरोबर पडली. स्टार, सी, ए, टी. एंटर.

ड्राइव्ह कुरकुरला आणि पडद्यावर नावं आली. एकतीस. शेपूट कापलेली.

मामा काही बोलला नाही. त्याने एक नाव लोड केलं. 'डिस्क फॉल्ट १८.' दुसरं. तेच. तिसरं, चौथं. दुसरी फ्लॉपी घातली, तीच रड. यादी दिसते, फाइल येत नाही. म्हणजे नावं आहेत आणि आत कुणी नाही.

त्या रात्री जेवताना कुणी बोललं नाही. मामा एवढंच म्हणाला, "अल्बमसारखंच झालं बघ."

रविवारी सकाळी काका आले, ड्राइव्हभोवती एक चक्कर मारली आणि मागे बोट दाखवलं. तिथे एक छोटा स्विच. ४० आणि ८०. स्विच होता ८० वर.

मामाच्या फ्लॉपीवर ४० ट्रॅक. ड्राइव्ह ८० ट्रॅकवर असला की त्याचं हेड निम्मंच पाऊल टाकतं आणि दोन ट्रॅकच्या मध्ये कुठेतरी अडखळतं. पण अगदी बाहेरचा शून्य ट्रॅक दोन्हीकडे एकाच जागी असतो आणि फाइलींची यादी नेमकी त्याच ट्रॅकवर. म्हणून नावं दिसत होती, मुलं सापडत नव्हती. आणि शनिवारी धूळ पुसताना तो स्विच कुणाच्या बोटाने सरकला असेल? मामीने माझ्याकडे बघितलं. मी भडंगाकडे बघितलं.

स्विच ४० वर. मामाने पुन्हा एक नाव लोड केलं. आलं. चालवलं. पडद्यावर एका आठवीतल्या मुलीचं नाव वरून खाली, वरून खाली, थांबेचना. दोन ओळींचा प्रोग्रॅम. पहिली ओळ नाव छापा, दुसरी ओळ पहिलीवर परत जा. चाळीस वर्षं फ्लॉपीत गप्प बसलेली मुलगी.

मग खरं काम. या मशीनला 'स्टार बॅकअप शून्य एक' सांगायच्या आधी 'स्टार एनेबल' सांगावं लागतं. म्हणजे, विचार केलाय ना नीट? मामाने प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून विचारलं, "मूळ कुठं आहे?" मी म्हणायचे, "शून्यात." मग एंटर. फ्लॉपी एकदाच आत, एकदाच बाहेर.

पाच फ्लॉपी सलग उतरल्या. पाढे आले. मराठी अक्षरंही आली. मामाने आठ बाय आठ ठिपक्यांत वहीवर काढून एकेक आकडा मशीनला शिकवला होता. अशी स्वतःची अक्षरं द्यायची सोपी सोय फक्त ३२ अक्षरांपुरती. दहा आकडे गेल्यावर उरतात बावीस, म्हणून मामाच्या मराठीत 'ळ' नाही. "सांगलीत राहून?" मी विचारलं. "बसला नाही, काय करू?" मामा म्हणाला.

सहावी, म्हणजे मुलांची पहिली, मध्येच अडली. बॅकअप एका खराब जागेला लागला की थांबतो. मग 'स्टार कॉपी'ने एकेक फाइल. दुपारभर एकेक नाव. एकतीसपैकी सव्वीस आली. पाच आली नाहीत. सातवी, मुलांची दुसरी, अख्खी आली. म्हणजे बासष्टपैकी सत्तावन्न.

मी म्हटलं, "मामा, सत्तावन्न म्हणजे फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन." मामा त्या पाच नावांकडे बघत होता. "चार वर्षांपूर्वी काढली असती फ्लॉपी तर," एवढंच म्हणाला.

आता ते सत्तावन्न प्रोग्रॅम मामाच्या पेनड्राइव्हवर आहेत, माझ्या लॅपटॉपवर आहेत आणि क्लाऊडवर पावभाजीच्या शेजारी आहेत. हे मशीन ब्राउझरमध्ये जसंच्या तसं चालवणारं 'जेएसबीब' नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्यात मामा एकेक प्रोग्रॅम चालवतो, पडद्याचा फोटो काढतो आणि सापडतील त्या विद्यार्थ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो. पहिला फोन आला तो त्या दोन ओळींवालीचा. आता पन्नाशीची. तिने मामाला विचारलं, "सर, मी हे थांबवायचं कसं ते कधी शिकलेच नाही का?"

"एस्केप दाब," मामा म्हणाला. "तेव्हाही सांगितलं होतं."

आता तुमच्यासाठी एक होमवर्क. येत्या वीकेंडला घरी जा. आईच्या कपाटात, बाबांच्या ड्रॉवरमध्ये, माळ्यावर एखादी वस्तू असेल, जिची दुसरी कॉपी कुठेच नाही. कॅसेट, निगेटिव्हचं पाकीट, आजीची रेसिपीची वही, काहीही. ती वाचायचं मशीन आणि ते चालवता येणारं माणूस, दोन्ही हाताशी असतानाच तिची दुसरी करून ठेवा.

पावभाजीचे फोटो मी उडवले. सगळे नाही. पण जागा झाली.